पावसात बंद पडलेली गाडी : दुसऱ्यांदा सेल्फ मारण्याआधी

जुलैतली संध्याकाळ होती. ठाण्यात वंदना टॉकीजजवळच्या खोलगट भागात पाणी तुंबलेलं, त्यात भरतीची वेळ. माझ्या मेव्हण्याची पेट्रोल हॅचबॅक त्या पाण्यात दोन आचके देऊन बंद पडली. मागून हॉर्न वाजत होते. त्याने लगेच चावी फिरवली. 'खट्ट' आवाज आला आणि काहीच झालं नाही. त्याने परत फिरवली, मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी इंजिन क्षणभर लागलं, आतून ठण्ण आवाज आला आणि गाडी कायमची गप्प झाली.

पुढच्या आठवड्यात गॅरेजमध्ये मिस्त्रींनी त्या इंजिनचे चारही कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला खालच्या फिरत्या शाफ्टशी जोडणारे दांडे, वर्तमानपत्रावर ओळीने मांडून दाखवले. तीन सरळ होते. चौथा लांबून तसाच दिसत होता, पण बाकीच्यांना चिकटवून धरला की रुपयाच्या नाण्याच्या जाडीएवढा आखूड भरायचा, कारण मध्ये तो वाकला होता. तेवढ्या वाकण्यापायी अख्खं इंजिन उतरवावं लागलं. पहिल्या बंद पडण्यात बहुधा काहीच बिघडलं नव्हतं. जे बिघडलं ते नंतरच्या सेल्फने.

असं का होतं ते समजलं की हात आपोआप चावीपासून लांब राहतो. सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. १२०० सीसीच्या चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनात एका सिलिंडरच्या वाट्याला ३०० सीसी येतात. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे आतली हवा किती पट दाबली जाते तो आकडा, ११ धरला, तर पिस्टन अगदी वर गेल्यावर उरणारी जागा भरते ३० मिलिलिटर, म्हणजे जेवणाच्या दोन मोठ्या चमच्यांएवढी. त्याहून जास्त पाणी आत असेल तर पिस्टनला वर जायला वाव नाही. डिझेलमध्ये रेशो १७ च्या आसपास असतो, त्यामुळे तेवढ्याच आकाराच्या सिलिंडरमध्ये जेमतेम १९ मिलिलिटर जागा उरते. सेल्फच्या जोराला रॉड कधी कधी तग धरतो. पण पाणी एका सिलिंडरमध्ये असताना शेजारच्या सिलिंडरने पेट घेतला, तर तो धक्का रॉडला सोसत नाही. मेव्हण्याच्या गाडीत तेच झालं.

धक्का मारा, पण सुरू करण्यासाठी नाही

गाडी पाण्यात बंद पडली की पहिलं काम म्हणजे इग्निशन बंद करणं, हझार्ड चालू करणं आणि गाडी न्यूट्रलमध्ये टाकणं. आपल्याकडे मदतीला चार जण धावून येतात, हे ठाण्याचं भाग्यच. त्यांच्या मदतीने गाडी ढकलून उंच जागी, दुभाजकाच्या किंवा पुलाच्या चढाकडे न्या. फक्त त्यातल्या कोणी "सेकंड टाका, क्लच सोडा, लगेच लागेल" म्हटलं तर हात जोडून नाही म्हणा. धक्का स्टार्टमध्ये हजार किलोच्या गाडीचं वजन इंजिनला फिरवत असतं. सेल्फची मोटर अडकली तर निदान थांबते, चालती गाडी थांबत नाही. ऑटोमॅटिक गाडीत तर हा विषयच येत नाही.

पाण्यात उतरताना उघड्या गटारांची आणि विजेच्या खांबांची भीती खरी आहे. काठी किंवा छत्री पुढे टेकवत चाला, खांब आणि डीपीपासून लांब राहा. पाणी दरवाजाच्या उंबऱ्यावर येऊन वाढत असेल तर गाडीचा विचार सोडून माणसं बाहेर काढा आणि ११२ लावा.

भरतीची वेळ मोबाइलवर एकदा बघून घ्या. ठाण्याच्या सखल भागातलं पाणी खाडीला उतरतं. नवी मुंबईत त्यासाठी सिडकोने धारण तलाव बांधले आहेत. भरतीला त्यांच्या झडपा मिटतात आणि ओहोटी लागली की साचलेलं पाणी बाहेर जातं. भरती आणि ओहोटी यांत साधारण सहा तासांचं अंतर असतं. भरती चढत असेल तर "पाणी उतरेल, थांबू" या भरवशावर गाडी तिथे ठेवू नका. उतरती असेल तर थांबण्यात अर्थ आहे.

ती बंद कशी पडली?

बोनेट उघडण्याआधी दोन मिनिटं शांतपणे आठवा, निम्मं निदान इथेच होतं. पाणी किती होतं? चाकाच्या मध्यापर्यंत, की बंपरच्या वर? बंद पडली ती चालत्या पाण्यात आचके देऊन, की एकदम? की पाण्यातून नीट बाहेर आली, घरी पोचली आणि सकाळी उठेना?

पाण्यात एकदम बंद पडली असेल तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत सिलिंडरमध्ये पाणी आहे असंच धरायचं. घरी नीट आली आणि सकाळी रुसली, तर शंका बॅटरी आणि ओलाव्यावर घ्यायची. बंद गाडी सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये बुडाली असेल, तर चावी लावूच नका, इग्निशनसुद्धा नाही. आधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा आणि टोइंग बोलवा. ओल्या वायरिंगमध्ये वीज सोडली की पाण्याने न झालेलं नुकसान शॉर्ट सर्किटने होतं.

इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडी असेल तर पुढचं बोनेटखालचं काही करू नका. जास्त दाबाची वीज नेणाऱ्या नारिंगी केबलला हात न लावता कंपनीची मदत मागवा.

पाण्यात बंद पडली असेल तर

सुरुवात एअर फिल्टरपासून. हवा ओढणारी नळी बहुतेक गाड्यांत पुढच्या जाळीमागे, हेडलाइटच्या उंचीला असते. समोरून ट्रक गेला की त्याची लाट पाण्याच्या पातळीपेक्षा बरीच वर चढते, म्हणून "पाणी तर गुडघ्याएवढंही नव्हतं" हा दिलासा खोटा ठरू शकतो. फिल्टरचा डबा दोन-चार क्लिपांनी बंद असतो. उघडा, कागदी फिल्टर काढून हातात घ्या. फिल्टर कोरडा आणि डब्याचा तळही कोरडा असेल तर सिलिंडरमध्ये पाणी गेल्याची शक्यता फार कमी. तळाला पाणी साचलंय, फिल्टर लगद्यासारखा मऊ झालाय, तर फिल्टरच्या पुढच्या, इंजिनकडे जाणाऱ्या नळीत बोट घालून बघा. तिथे ओल लागली तर सेल्फचा विचार मनातून काढून टाका.

मग ऑइलची पट्टी. काढा, पुसा, परत घालून काढा. तेल तपकिरी-काळं आणि पातळी रोजच्याइतकी, तर ठीक. तेल चहात दूध ओतल्यासारखं दिसलं किंवा पातळी वर चढलेली असली, तर पाणी तेलात उतरलंय. मग त्या तेलावर इंजिन एक मिनिटही चालवायचं नाही. एक गोष्ट वेगळी ओळखा. पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीच्या ऑइल कॅपच्या आत पिवळसर साय दिसते. ती बाष्पाची असते, पट्टीवरचं तेल स्वच्छ असेल तर घाबरू नका.

पुढचं काम, म्हणजे स्पार्क प्लग काढून सिलिंडरमधलं पाणी बाहेर काढणं, स्वतः करायचं की मिस्त्रींवर सोपवायचं, हे तुमच्या हातावर अवलंबून. पाने आणि सवय असेल तर पेट्रोल गाडीत ते तासाभराचं आहे. इंजिन गार होऊ द्या. वरचं प्लास्टिकचं कव्हर ओढून काढा. प्रत्येक प्लगवर त्याला ठिणगीसाठी वीज देणारी एक कॉइल बसलेली असते. तिचा कनेक्टर दाबून सोडवा, बहुधा १० नंबरचा बोल्ट असतो तो काढा आणि कॉइल सरळ वर ओढा. आता टॉर्च मारून त्या खोल भोकात बघा. इथे बऱ्याच जणांची चूक होते: प्लगच्या भोवती वरून पाणी साचलेलं असतं आणि ते न पुसता प्लग खोलला की तेच पाणी सिलिंडरमध्ये उतरतं. आधी कापड गुंडाळलेल्या काडीने टिपून घ्या, टायरच्या पंपाची हवा मारा, भोक कोरडं करा, मगच प्लग काढा. प्लगच्या टोकावर पाण्याचे थेंब आहेत की पेट्रोलचा वास, हे बघा.

आता गाडीतल्या पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा, नाहीतर बाहेर पेट्रोलचा फवारा येईल. सुटलेल्या कॉइलचे कनेक्टर लावू नका. प्लग नसताना सिलिंडरची तोंडं उघडी असतात, पाण्याला वाट असते. गाडी सपाट जागी असेल तर वरच्या गिअरमध्ये टाकून आधी हलकेच पुढे-मागे ढकला. इंजिन मोकळं फिरतंय असं जाणवलं की दोन-तीन सेकंद सेल्फ मारा. तोंड भोकांपासून लांब ठेवा, पाणी असेल तर ते कारंज्यासारखं उडतं. थांबा, परत मारा, नुसती हवा यायला लागेपर्यंत. मग प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडून दोनदा फिरवा, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीला गंज धरत नाही. हे त्याच दिवशी झालेलं बरं. ओलं इंजिन आठवडाभर तसंच ठेवलं तर पिस्टनच्या रिंगा चिकटतात.

डिझेलवाल्यांनी हे घरी करू नये. तिथे ग्लो प्लग (थंड इंजिन तापवणारे) किंवा इंजेक्टर (डिझेल फवारणारे) काढावे लागतात, आणि गंजलेला ग्लो प्लग तुटून आत राहिला तर काम दुप्पट होतं. गाडी टोइंगने न्या. ऑटोमॅटिक असेल तर फ्लॅटबेडच, म्हणजे अख्खी गाडी पाठीवर घेणारा ट्रक, मागा.

घरी आली, पण सकाळी उठेना

ही तक्रार जास्त घरांत असते आणि तिचा शेवट बहुतेक वेळा स्वस्तात होतो. इथे कान महत्त्वाचा. सेल्फ एकदाच, दोन सेकंद मारा आणि ऐका.

मीटरचे दिवेच लागले नाहीत तर बॅटरीची टर्मिनल बघा. हाताने हलवली आणि हलली, तर दोष सापडला. पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी.

'टकटकटकटक' असा भराभर आवाज म्हणजे बॅटरी उतरली. घोडबंदर रोडवर माजिवड्यापासून गायमुखपर्यंत दोन तास रखडत येताना वायपर, हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर सगळं चालू असतं आणि इंजिन मात्र आयडलवर. त्या गतीला अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणारा भाग, कमी वीज देतो, उरलेली बॅटरीतून जाते. मल्टिमीटर असेल तर मोजा: गाडी काही तास उभी असताना १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२ च्या खाली म्हणजे रिकामी. गाडी चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. दिसत नसतील तर दोष अल्टरनेटरचा किंवा ओल्या, सैल बेल्टचा. तो बेल्ट सुरू करताना चिरकतो.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून सुरू करायला जंपर केबल लावताना क्रम चुकवू नका. लाल केबलचं एक टोक उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, दुसरं चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळीचं एक टोक चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. काढताना उलट्या क्रमाने.

एकच जड 'खट्ट' आला आणि दिवे मंद झाले, तर थांबा. सेल्फची मोटर अडकली असेल, किंवा इंजिनच अडकलं असेल. काल गाडी खोल पाण्यातून आली असेल तर वर 'पाण्यात बंद पडली असेल तर' या भागात सांगितल्याप्रमाणे एअर फिल्टर उघडा.

सेल्फ नीट फिरतोय पण गाडी लागत नाही, किंवा लागते आणि मिसिंग मारते, तर ओलावा. सीएनजीवाल्यांनी इथे नीट लक्ष द्यावं, आणि ठाणे-नवी मुंबईत ते खूप आहेत. सीएनजी पेटवायला प्लगला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून कॉइलच्या रबरात किंवा जुन्या गाडीच्या प्लगच्या वायरीत जराशी ओल शिरली की गाडी आधी सीएनजीवर आचके देते, पेट्रोलवर मात्र चालते. असं झालं तर तो गॅस किटचा दोष समजून किटवाल्याकडे धावू नका, कॉइल काढून बघा. रबराच्या आत किंवा प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली, तर वीज तिथून गळतेय. ते रबर किंवा प्लग बदला. नाहीतर कापडाने पुसा, केस वाळवायच्या ड्रायरची कोमट हवा द्या, कनेक्टरवर डब्ल्यूडी-४० सारखा ओलावा घालवणारा स्प्रे मारा आणि अर्धा तास बोनेट उघडं ठेवा. आमच्या वहिनीची जुनी गाडी निव्वळ एवढ्याने तीन पावसाळे चालली.

आणि बऱ्याच सीएनजी गाड्या सुरू पेट्रोलवर होतात. टाकीत पेट्रोलचा थेंब नसेल तर बाकी सगळं ठीक असूनही ती उठणार नाही. पावसाळ्यात पाच-सात लिटर ठेवाच.

सुकवल्यावरही लागेना आणि प्लगला पेट्रोलचा वास येत असेल, तर आधीच्या प्रयत्नांनी इंजिनमध्ये पेट्रोल जास्त झालंय. आत पाणी नाही याची खात्री असेल तरच ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि पाच सेकंद सेल्फ मारा. बऱ्याच इंजेक्शन गाड्यांत असं केलं की पेट्रोल येणं थांबतं आणि आतलं बाहेर फेकलं जातं.

इंधनात पाणी जाण्याचा प्रकार कमी, पण होतो. पाऊस कोसळताना पंपावर टाकी भरली आणि दोन किलोमीटरवर गाडी खोकायला लागली, तर पावती जपून ठेवा. आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी शोषतं, आणि पाणी ठरावीक प्रमाणापेक्षा वाढलं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाला बसतात, नेमकं जिथून पंप ओढतो. टाकी उतरवून रिकामी करण्यावाचून इलाज नाही. डिझेल गाडीत फिल्टरखाली पाणी काढायचा स्क्रू असतो. मीटरवर पाण्याचा दिवा लागला असेल तर तो स्क्रू सैल करून स्वच्छ डिझेल येईपर्यंत वाहू द्या.

एवढं करूनही कोडं सुटेना, तर तीन जागा बघा. चावीच्या चित्राचा दिवा लुकलुकत असेल तर भिजलेली चावी ओळखली जात नाही. दुसरी कोरडी चावी लावा. पायाखालचा गालिचा दाबा. पाणी वर आलं तर पुढच्या काचेखालची निचऱ्याची भोकं पानांनी तुंबलीत. गुलमोहराखाली गाडी लावणाऱ्यांकडे हे हमखास, आणि ते पाणी थेट फ्यूज बॉक्सवर किंवा कंट्रोल युनिटवर गळतं. तिसरी जागा उंदरांची. पावसात बिळं बुडली की ते गरम इंजिनवर चढतात. वायरीच्या आवरणाचे तुकडे, लेंड्या, कुरतडलेला फोम दिसला तर वायरिंगवाल्याला बोलवा.

सुरू झाल्यावर

लगेच बंद करू नका आणि लगेच हायवेलाही लागू नका. पाच मिनिटं आयडलवर ठेवून ऐका. आतून ठोके ऐकू आले तर ताबडतोब बंद. सायलेन्सरमधून थोडा वेळ पांढरी वाफ आणि पाणी येईल, त्याची काळजी नको. अर्ध्या तासानंतरही दाट पांढरा धूर येत असेल तर दाखवा. पहिला अर्धा किलोमीटर रिकाम्या रस्त्यावर हळू चालवत ब्रेक हलके दाबत राहा, भिजलेले ब्रेक सुरुवातीला धरत नाहीत. गायमुखच्या उतारावर हे कळून उपयोग नाही.

पाणी चाकाच्या मध्याच्या वर गेलं असेल तर त्या आठवड्यात इंजिन ऑइल आणि एअर फिल्टर बदला, गिअर ऑइल तपासायला सांगा. गाडी मिस्त्रींकडे देताना पाणी कुठपर्यंत होतं आणि तुम्ही सेल्फ किती वेळा मारला, ते खरं सांगा. त्यावरून ते कुठून सुरुवात करायची ते ठरवतात.

विम्याचं काम त्याच दिवशी करा. गाडी पाण्यात उभी असतानाच, पाण्याची पातळी आणि नंबर प्लेट एकाच फोटोत येतील असे चार-पाच फोटो काढा. साध्या पॉलिसीत पाण्यात सेल्फ मारल्याने फुटलेलं इंजिन परिणामी नुकसान म्हणून नाकारलं जातं. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कवच घ्यावं लागतं, आणि तेही घेतलं असेल तर त्याच्या अटी वाचून ठेवा. कंपनीला कळवून, त्यांच्या सर्व्हेअरने बघेपर्यंत इंजिन उघडू देऊ नका. मेव्हण्याने घाईत आधी इंजिन उघडून घेतलं आणि मग फोन केला. आता त्याच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात पॉलिसीची प्रत, जंपर केबल, टॉर्च आणि १० नंबरचा पाना एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला असतो.